फ्रीझर बर्फ करतो, खाली मात्र दूध नासतं: वरचेवर उलटणारा बिघाड कसा पकडायचा

दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे साचणारा बर्फ स्वतःच वितळवणारा, फ्रिज आहे. वर बर्फ व्यवस्थित होतो, आइस्क्रीमही टिकतं. खाली मात्र पाण्याच्या बाटल्या नुसत्या थंडसर, सकाळी तापवून ठेवलेलं दूध रात्री नासतं, कोथिंबीर दोन दिवसांत पिवळी पडते. मिस्त्री येतो. एकतर "भाभीजी, एक दिन बंद करके रखो" असं सांगून जातो, नाहीतर गॅस भरून पैसे घेऊन जातो. दोन्ही उपायांनी फ्रिज सुधारतो. दोन-तीन आठवडे कुणाची तक्रार नसते, आणि मग एका सकाळी दूध पुन्हा नासलेलं.

ग्वाल्हेरला लश्कर भागातल्या आमच्या घरी एका उन्हाळ्यात हे चक्र चालूच राहिलं. नात्यात आणि ओळखीत विचारलं तर जनकगंज, कंपू, थाटीपूर, जिथे तिथे कुणाकडे तरी हेच रडगाणं होतं, आणि सगळ्यांनी एकदा तरी गॅस भरून घेतलेला होता. म्हणून सविस्तर लिहिते आहे. मुद्द्याचं आधीच सांगते: रात्रभर बंद ठेवल्यावर जो फ्रिज बरा होतो, काही दिवस छान चालतो आणि मग हळूहळू परत बिघडतो, त्याचा गॅस कमी झालेला नसतो. बंद ठेवल्याने गेलेला गॅस परत येत नाही. बंद ठेवल्याने फक्त साचलेला बर्फ वितळतो, आणि गॅस भरण्याच्या कामातही फ्रिज बराच वेळ बंदच असतो. पण हे मिस्त्रीला पटवायचं तर "हळूहळू बिघडतो" एवढं तोंडी सांगून भागत नाही, आकडे दाखवावे लागतात. आकडे असले की निम्मं निदान घरच्या घरी होतं.

हाताला गार लागणं हे माप नव्हे

बाहेर ४४ अंश असताना १४ अंशांची बाटलीसुद्धा हाताला गारच लागते. बर्फ होतोय यावरूनही काही सिद्ध होत नाही, कारण पाणी शून्याला गोठतं आणि उणे ३ अंशांवरही ट्रेमधला बर्फ बर्फच राहतो. फ्रीझर खरं म्हणजे उणे १८ च्या आसपास हवा. खालचा कप्पा ४ अंश किंवा त्याखाली, पण शून्याच्या वर. ५ अंशांच्या पुढे शिजवलेल्या अन्नात, दुधात, मांसात जिवाणूंची वाढ वेग धरते, आणि अन्नाला वास येण्याच्या बरीच आधी धरते.

आमच्याकडे सासूबाईंचं इन्सुलिन फ्रिजमध्ये असतं. त्याच्या खोक्यावर २ ते ८ अंश असं छापलेलं आहे. जास्त तापमानात राहिलं तर त्याचा गुण कमी होत जातो, आणि एकदा गोठलं तर ते टाकूनच द्यावं लागतं, वितळवून वापरायचं नसतं. दोन्ही बाबतींत नुसतं बाटलीकडे बघून कळेलच असं नाही. रक्तातली साखर वाढली की कळतं. ज्या घरात इन्सुलिन आहे, लहान मूल आहे किंवा म्हातारं माणूस आहे, त्या घरात फ्रिजमध्ये थर्मामीटर असलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. बाटली दारात ठेवू नका आणि मागच्या भिंतीलाही टेकवू नका. मधल्या फळीवर, पुढच्या बाजूला, झाकणाच्या डब्यात ठेवा.

कोणता थर्मामीटर, कुठे ठेवायचा

ताप मोजायचा थर्मामीटर चालत नाही, तो इतकं कमी तापमान दाखवतच नाही. वायरच्या टोकाला सेन्सर आणि दुसऱ्या टोकाला छोटा पडदा असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या. माशांच्या काचेच्या टाकीला लावतात तोच. बटण-सेलवर चालतो, स्वस्त असतो. दोन घ्या, वरच्या कप्प्याला एक आणि खालच्या कप्प्याला एक. सेन्सर आत राहतो, पडदा बाहेर चिकटवायचा आणि बारीक वायर बिजागरीच्या बाजूने रबराखालून काढायची, म्हणजे दार न उघडता आकडा वाचता येतो. सेल बाहेर राहिल्याने तोही लवकर बसत नाही. कमाल आणि किमान आकडा लक्षात ठेवणारा मिळाला तर आणखी चांगलं.

आणल्यावर आधी त्याची परीक्षा घ्या. पेलाभर बर्फ बारीक कुटा, त्यात बर्फाच्या फटी भरतील इतकंच पाणी घाला, ढवळा आणि सेन्सर मधोमध धरून दोन-तीन मिनिटं थांबा. शून्य दिसलं पाहिजे. मीठ अजिबात पडू देऊ नका, त्याने तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. एक अंश जास्त दाखवत असेल तर तेवढा दर वेळी वजा करायचा. फरक दोन अंशांच्या पुढे असेल तर दुकानात परत करा.

खालच्या कप्प्यात सेन्सर नुसता लोंबकळत ठेवू नका. दार उघडलं की हवेचं तापमान एकदम चढतं आणि मिटलं की उतरतं, त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. मधल्या फळीवर पाण्याने भरलेला पेला ठेवा आणि सेन्सर त्यात बुडवा. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं, आणि भाजी-आमटीचंही तसंच असतं. म्हणून पेल्यातला आकडा अन्नाच्या जवळचा. फ्रीझरमध्ये सेन्सर मटारच्या दोन पाकिटांच्या मध्ये दाबून ठेवा. पहिले सात-आठ तास आकडा बसायला द्या.

वाचायचं तीनदा: सकाळी पहिल्यांदा दार उघडण्याआधी, दुपारी चारच्या सुमारास आणि रात्री झोपताना. वही घालायची गरज नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचा हिशेब लिहितो त्याच चौकटीत लिहा, वरचा आकडा फ्रीझरचा, खालचा फ्रिजचा. लाइट किती वेळ गेली, नॉब कुणी फिरवला, पाहुण्यांसाठी श्रीखंडाचे डबे भरले, हेही दोन शब्दांत टिपा. नॉबची नोंद तर फार महत्त्वाची, कारण घरात जो तो येता-जाता नॉब फिरवतो आणि मग काय केल्याने काय झालं याचा पत्ता लागत नाही.

आकड्यांचा कल वाचायचा

बंद करून पुन्हा चालू केल्यानंतर आमच्या फ्रिजचे खालच्या कप्प्याचे आकडे आधी बरेच दिवस ४ वर स्थिर होते. मग सकाळचे आकडे असे चढले: ५, ५, ६, ८, ११. त्याच काळात फ्रीझर उणे १८ वरून उणे १५ ला आला, म्हणजे तो फारसा बिघडलाच नाही. खालचा कप्पा आधी आणि सावकाश चढतो, वरचा बराच काळ तग धरतो. ही फ्रीझरमागच्या, थंडी तयार करणाऱ्या कॉइलवर बर्फ साचल्याची खूण आहे.

दोन्ही कप्पे बरोबरीने चढत असतील आणि कॉम्प्रेसर न थांबता चालत असेल, तर मागची जाळी धुळीने भरलेली असते, कॉम्प्रेसर कमजोर झालेला असतो किंवा खरोखरच गॅस गळत असतो.

दोन्ही कप्पे काही तासांतच कोमट होतात, बंद करून चालू केलं की लगेच सुधारतात आणि त्याच किंवा दुसऱ्या दिवशी परत तेच, असं असेल तर आधी कुणी गॅस भरला होता का ते आठवा. व्हॅक्यूम नीट न करता, म्हणजे नळ्यांमधली हवा आणि ओल पुरती ओढून न काढता, गॅस भरला की आत ओल राहते. ती ओल केसासारख्या बारीक नळीच्या तोंडाशी गोठते आणि गॅसची वाट अडवते. बंद केल्यावर ती वितळते, म्हणून तात्पुरतं बरं वाटतं. हा बिघाड गॅस भरल्यानेच आलेला असतो.

रोज दुपारी आकडा चढतो आणि पहाटेपर्यंत पुन्हा ४ वर येतो, तर फ्रिजमध्ये दोष नाही, दोष त्याच्या जागेत, वापरात किंवा व्होल्टेजमध्ये आहे. एखाद्या दिवशी अचानक सगळंच कोमट आणि कॉम्प्रेसरजवळ दर काही मिनिटांनी गुणगुण होऊन "टक्" असा आवाज येतोय, तर रिले (कॉम्प्रेसर सुरू करणारा भाग) किंवा ओव्हरलोड (ताण वाढला की त्याची वीज तोडणारा भाग) बघा, आणि त्याआधी व्होल्टेज. खालच्या कप्प्यातल्या काकड्याच गोठायला लागल्या असतील तर खाली हवा सोडणारी झडप उघडी अडकली आहे किंवा थर्मोस्टॅटचा सेन्सर जागेवरून सुटला आहे.

एक गोष्ट मात्र घाबरण्यासारखी नाही. फ्रीझरचा आकडा मधूनच अर्धा तास पाच-सात अंशांनी चढतो आणि पुन्हा उतरतो, विशेषतः सेन्सर मोकळ्या हवेत असेल तर. फ्रिज स्वतःचा बर्फ वितळवत असतो तेव्हा तसं होणारच. उलट फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये ही चढ-उतार कधीच दिसली नाही तर संशय घ्या.

बर्फ नेमका कुठे साचतो

बहुतेक फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये थंडी तयार करणारी कॉइल एकच असते, फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड. तिच्यावरून पंखा हवा ओढतो, त्यातली बरीचशी फ्रीझरमध्ये फिरते आणि उरलेली एका पोकळीतून खाली उतरते. खालच्या कप्प्याला स्वतःची थंडी नसते, त्याला वरून मिळेल तेवढीच. दार उघडलं की ओलसर हवा आत शिरते आणि तिची वाफ कॉइलवर दवासारखी गोठते. ती काढायला कॉइलच्या खाली हीटर असतो. साधारण आठ ते बारा तास कॉम्प्रेसर चालला की टायमर तो बंद करून वीस-तीस मिनिटं हीटरला वीज देतो. बर्फ वितळून पाणी नळीने मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जातं आणि तिथे वाळून जातं. कॉइलला चिकटून बसलेला बायमेटल हा छोटा स्विच कॉइल थंड असेपर्यंतच हीटरला चालू देतो, तापली की तोडतो. आणि काही बिनसून हीटर फारच तापला तर जळून तुटणारा थर्मल फ्यूजही त्याच ओळीत असतो.

टायमर, हीटर, बायमेटल, फ्यूज. या चौघांपैकी एकानेही काम सोडलं की बर्फ वितळत नाही. रोज थोडा थोडा चढत जातो, कॉइलच्या पात्यांमधल्या फटी बुजतात, पंख्याला हवा ओढता येत नाही. फ्रीझर कॉइलच्या अगदी शेजारी असल्याने थंड राहतो, खाली जाणारी हवा मात्र आटते. पूर्ण बुजायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून तक्रारही तेवढ्याच अंतराने येते.

आमच्या भाऊजींनी प्लग काढून, फ्रीझर रिकामा करून मागचं पॅनेल उघडलं तेव्हा हे सगळं डोळ्यांनी दिसलं. कॉइलचा खालचा अर्धा भाग एकसंध पांढरा ठोकळा झाला होता, पाती दिसतच नव्हती. वरच्या दोन-तीन ओळी तेवढ्या मोकळ्या होत्या. बर्फाची एक कड पंख्याच्या पात्यापर्यंत पोचली होती आणि पात्यावर घासल्याच्या रेषा उमटल्या होत्या. आदल्या काही दिवसांत फ्रीझरमधून खर्र खर्र आवाज यायचा आणि दार उघडलं की थांबायचा, तो याचाच. बायमेटलची प्लॅस्टिकची टोपी फुगून एका बाजूला तडकली होती, आत पाणी शिरलं होतं.

तुम्ही उघडणार असाल तर प्लग आधी काढा. सुरी, पेचकस, काहीही बर्फात खुपसू नका. कॉइल ॲल्युमिनियमची असते, टोक लागलं की भोक पडतं आणि मग खरोखरच गॅस जातो. नव्या फ्रिजमध्ये बहुतेक आर-६०० ए हा गॅस असतो, तो आयसोब्युटेन, म्हणजे पेट घेणारा. फ्रिजवरच्या पट्टीवर नाव छापलेलं असतं. दार उघडं ठेवून समोर टेबलफॅन लावा, आत गरम पाण्याचं पातेलं जाड कापडावर ठेवा, खाली जुनी चादर अंथरा आणि धीर धरा. पाणी पुष्कळ निघतं.

मल्टिमीटर हाताळता येणारं कुणी घरात असेल तर पुढचं अवघड नाही. हीटरच्या दोन टोकांमध्ये काहीशे ओहम दिसायला हवेत, उदाहरणार्थ १५० वॉटच्या हीटरला २३० व्होल्टला सुमारे ३५० ओहम. काहीच दिसत नसेल तर तार तुटली आहे. फ्यूजमध्ये जवळजवळ शून्य दिसलं पाहिजे. बायमेटलची गंमत अशी की तो खोलीच्या तापमानाला उघडाच असतो, तेव्हा तो तसा दाखवला म्हणून खराब ठरत नाही. बर्फात मीठ घालून ते मिश्रण चांगलं थंड करा, बायमेटल पिशवीत गुंडाळून त्यात दाबा आणि थोड्या वेळाने तपासा. आता जोडणी दाखवली पाहिजे. नुसत्या वितळत्या बर्फात तापमान शून्याच्या खाली जात नाही, आणि बरेच बायमेटल त्याहून खाली गेल्यावरच जुळतात. जुन्या पद्धतीचा टायमर असेल तर त्याच्या दांड्याला खाच असते. पेचकसाने सावकाश पुढे फिरवत नेलं की टक् आवाज येतो, कॉम्प्रेसर थांबतो आणि हीटर सुरू व्हायला हवा. कॉइल पुरती थंड असताना असं हाताने फिरवल्यावर हीटर तापतो, पण एरवी कधीच तापत नाही, तर टायमरची मोटर मेली आहे. नव्या फ्रिजमध्ये टायमरऐवजी इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो, तिथे हात न घालता कंपनीच्या माणसाला बोलवा.

फ्रीझरच्या तळाशी बर्फाचा थर किंवा भाजीच्या ट्रेखाली पाणी दिसत असेल तर पाणी जाण्याची नळी तुंबली आहे. मोठ्या सिरिंजने कोमट पाणी सोडलं की बहुधा मोकळी होते.

सगळे भाग धड असूनही बर्फ साचतोय तर ओलसर हवा आत शिरते आहे. दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून दार लावा आणि ओढा. अडून, घासून निघाली पाहिजे. सगळ्या कडांना करा, खालचा कोपरा विसरू नका. सैल असेल तर आधी कोमट साबणाच्या पाण्याने रबर आणि त्याची खाच पुसा, चिकटलेल्या साखरेने आणि दुधाच्या थेंबांनीही फट राहते. श्रावणात हवा दमट असते, त्यात गरम आमटी झाकण न ठेवता आत गेली की बर्फ दुप्पट वेगाने चढतो.

"गैस डलेगी" म्हटल्यावर काय विचारायचं

फ्रिजमधला गॅस स्कूटरमधल्या पेट्रोलासारखा खर्च होत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला तर एकच कारण: कुठेतरी गळती आहे. तेव्हा "गॅस कमी आहे" असं म्हणणाऱ्याने गळती कुठे आहे ते दाखवलं पाहिजे. साबणाच्या पाण्याने, दाब देऊन, कशानेही, पण दाखवावं. गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच.

खरी गळती असेल तर पॅनेल उघडल्यावर कॉइलच्या सुरुवातीच्या एक-दोन वेढ्यांवरच दव गोठलेलं दिसतं, पुढची कॉइल कोरडी असते. बर्फाचा ठोकळा दिसला तर तो गळतीचा पुरावा नाही, उलट कॉइल भरपूर थंड होते आहे याचा पुरावा आहे. आणि खरोखर गॅस भरायचाच असेल तर गळती सांधणं, नवा फिल्टर-ड्रायर (नळ्यांमधली ओल शोषणारा भाग), पुरेसा वेळ व्हॅक्यूम आणि पट्टीवर छापलेल्या ग्रॅमनुसार वजन करून भरणं, एवढं सगळं होतंय ना ते समोर उभं राहून बघा. आर-६०० ए तर अनेक फ्रिजमध्ये शंभर ग्रॅमहूनही कमी लागतो, तिथे अंदाजाने भरणं म्हणजे फ्रिज बिघडवणंच. चांगले मिस्त्री आपल्या शहरात आहेत. आकडे लिहिलेली दिनदर्शिका पुढे केली की ते खूश होतात आणि कामही निम्म्या वेळात उरकतं. जो आकड्यांकडे बघतही नाही त्याला चहा द्यावा आणि दुसरा शोधावा.

आपल्या उन्हाळ्याचं गणित

फ्रिजच्या मागे किंवा आत चिकटवलेल्या पट्टीवर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो. टी म्हणजे उष्ण प्रदेशासाठी: भोवतालचं तापमान १६ ते ४३ अंश असेल असं धरून बनवलेला. एसटी असेल तर ३८ पर्यंत, एन असेल तर ३२ पर्यंतच. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या अतिउष्ण नऊ दिवसांत, ग्वाल्हेरला पारा ४५ च्या पुढे जातो. म्हणजे टी वर्गाचा फ्रिजसुद्धा गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत आपल्या मर्यादेच्या पलीकडे काम करत असतो. लश्करातल्या जुन्या घरांना दगडी पटियांची छतं आहेत. दिवसभर तापलेला दगड मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या फ्रिजला रात्रीचीही उसंत मिळत नाही. शक्य असेल तर मे-जूनपुरता फ्रिज तळमजल्यावर हलवा. तेवढ्यानेच दुपारचा आकडा दोन-तीन अंशांनी उतरू शकतो.

मागे आणि बाजूला किमान चार बोटं जागा हवीच, वर त्याहून जास्त. पुष्कळ नव्या फ्रिजना मागची काळी जाळी नसते, उष्णता बाजूच्या पत्र्यांतून बाहेर पडते. तो पत्रा तापणं हा बिघाड नव्हे, पण त्याला कपाट चिकटवून ठेवणं हा मात्र घात आहे. जाळी असेल तर लू सुरू होण्याआधी आणि संपल्यावर प्लग काढून मऊ ब्रशने साफ करा, आपल्याकडची धूळ बारीक असते आणि जाळीवर गालिच्यासारखी बसते.

उन्हाळ्यात लोक दोन्ही नॉब शेवटच्या आकड्यावर नेतात. बऱ्याच दोन दारी फ्रिजमध्ये वरचा नॉब थंडी वाढवत नाही, फक्त हवेची वाटणी करतो. तो पूर्ण फिरवला की हवा वरच राहते आणि खालचा कप्पा आणखी तापतो. आपल्या फ्रिजच्या पुस्तिकेत कोणता नॉब काय करतो ते पाहा. नसेल मिळत तर वरचा मध्यावर ठेवा, खालचा एक घर वाढवा, आणि पूर्ण दिवस जाऊ देऊन मगच आकडा वाचा. नॉबवरचे १ ते ७ हे आकडे अंश नव्हेत.

प्यायच्या पाण्यासाठी माठच बरा. दर तासाला दार उघडून ताज्या बाटल्या भरल्या तर त्या थंड करण्यातच फ्रिजचा जोर संपतो, आणि दुपारचा तो चढलेला आकडा बहुतेक घरांत बाटल्यांचाच असतो. आमच्याकडे माठ आल्यापासून दुपारचा आकडा उतरला.

व्होल्टेज. संध्याकाळी सगळीकडे कूलर चालू झाले की दिवा मंद होतो, तेव्हा व्होल्टेज दाखवणाऱ्या मीटरवर बघा. २३० च्या ऐवजी १७०-१८० दिसत असेल तर साध्या कॉम्प्रेसरला सुरू व्हायलाच त्रास होतो, तो गुणगुणतो आणि ओव्हरलोड त्याला तोडतो. वेळ लावून सुरू होणारा स्टॅबिलायझर घ्या. लाइट येते-जाते तेव्हा नळ्यांमधला दाब समान व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात, तेवढी उसंत तो आपोआप देतो.

लाइट बराच वेळ गेली तर दार उघडू नका. बंद दाराचा फ्रिज साधारण चार तास थंडी धरतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस आणि अर्धा भरलेला एक दिवस. हे ठोकताळे साध्या हवेचे आहेत, ४५ अंशांच्या खोलीत त्याहून बरंच कमी धरा. पेल्यातला आकडा ५ च्या वर जाऊन दोन तास उलटले असतील तर दूध, पनीर, शिजवलेलं मांस, कालची उसळ ठेवू नका. लोणची, लोणी, अख्खी फळं राहू द्या. गावाला जाताना फ्रीझरमध्ये कपभर पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवून जा. परतल्यावर नाणं वरच असेल तर ठीक. तळाशी गोठलेलं असेल तर तुमच्या माघारी सगळं वितळून पुन्हा गोठलेलं आहे, मग वरच्या बर्फावर विश्वास ठेवून ते मटार-खिमा खाऊ नका.

दुरुस्तीनंतर, आणि थंडीत

नवा बायमेटल बसवल्यावर दुसऱ्या दिवशी ४ आला म्हणून मिस्त्रीला शाबासकी देऊ नका. नुसत्या बर्फ वितळण्यानेही तो येतोच. आधी ज्या अंतराने बिघाड उलटायचा त्याच्या दुप्पट काळ सकाळचा आकडा लिहीत राहा. तेवढ्या काळात ५ च्या वर चढला नाही तर दुरुस्ती खरी. काय बदललं आणि केव्हा, ते कागदाच्या पट्टीवर लिहून फ्रिजच्या मागे चिकटवा, पुढच्या मिस्त्रीला उपयोग होतो.

दिनदर्शिका जानेवारीतही चालू ठेवा, कारण आपल्याकडे उलटा प्रकारही होतो. पारा ५-६ अंशांवर उतरतो, दगडी स्वयंपाकघर रात्रभर गारठतं. ज्या फ्रिजचा सेन्सर खालच्या कप्प्यात असतो, त्याला वाटतं की पुरेशी थंडी आहे, आणि तो कॉम्प्रेसर सुरूच करत नाही. खाली ३-४ अंश दिसतात, वर फ्रीझर मात्र उणे १८ वरून उणे ९-१० वर येतो, आइस्क्रीम चमच्याने सहज निघतं, हंगामात सोलून ठेवलेले मटार मऊ पडतात. लोक थंडीत नॉब १ वर आणतात, त्याने हे आणखी वाढतं. काही फ्रिजवर थंडीसाठी वेगळी खूण असते, ती लावा. नसेल तर नॉब मध्यावर ठेवा, खालचा पेला गोठत नाही ना हे बघत एक घर वाढवा, आणि इन्सुलिन त्या दिवसांत मागच्या भिंतीपासून आणखी लांब, दाराच्या बाजूला सरकवा. सेन्सरही त्याच डब्याशेजारी ठेवा. थंडीत तोच आकडा जास्त कामाचा आहे.